गुरुवारची चौकट

फळ्यावर मी आठवडा आखते.
सोमवारी भजन, मंगळवारी तांबोला,
बुधवारी रंगकाम, म्हणजे आधीच छापलेले मोर,
शुक्रवारी तेर्साची प्रार्थना, शनिवारी कुणाचा तरी वाढदिवस.
गुरुवारी काय ते अजून सुचलेलं नाही.

बायका येतात, एकमेकींना हाका मारत.
दुर्गाबाई केरकर तर अर्धा तास आधी येऊन
खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरते.

पुरुष येत नाहीत.
पुरुष व्हरांड्यात असतात.
अकरा खुर्च्या, अकराही फाटकाकडे तोंड करून,
आणि हळदोण्याच्या या फाटकातून दिवसभरात
येतो फक्त पोदेर, भोंगा वाजवत, दोनदा.

एका बुधवारी इनासच्या हातात मी हिरवा खडू दिला.
सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस.
त्याने खडू फिरवून पाहिला, कंपनीचं नाव वाचलं,
शर्टाच्या खिशात ठेवला
आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिला.
वापरला नाही हां, म्हणाला.

मडगावच्या कचेरीचा फॉर्म दर महिन्याला येतो.
सहभाग, पुरुष : मी शून्य लिहिते,
शून्य जरा मोठंच येतं माझ्या हातून.

मग एप्रिलात विहिरीचा पंप बसला.
म्हापशाचा मेस्त्री म्हणाला, सोमवारी बघू.
बॅटरी घेऊन मी खोपीत वाकले
तर मागे वॉकरची रबरं घासत आली.
आधी वाल्व बघ, बाये.
वाल्व कसला, केबल जळलीय, वास येत नाही तुला?
शाबलो गावस, सांग्याच्या खाणीवरचा डंपरवाला,
गेल्या दिवाळीपासून कुणाशी न बोललेला,
म्हणाला, दोघेही गाढव आहात.
फोंडू नाईक जमिनीवर बसला, म्हणजे बसला ते बसला,
उठवायला नंतर तिघे लागले.

तीन तास. पंप काही सुरू झाला नाही.
पण पंपाकडे बघत बघत, एकमेकांकडे मुळीच न बघता,
शाबलो म्हणाला की मुलगा कतारहून फोन करत नाही,
आणि इनास म्हणाला, दहाचा पाना दे,
आणि मग म्हणाला, माझाही.
फोंडू माडाच्या शेंड्यावरून
खालच्या घरांतली भांडणं ऐकायचा, त्यातली दोन त्याने सांगितली,
तिसरं त्याचं स्वतःचं होतं.

माझं आणि माझ्या बापाचं सगळ्यात लांब बोलणं
त्याच्या स्कूटरच्या पोटाशी झालं.
बॅटरी धर. तिकडे नाही. इकडे.
हां. आता हलू नकोस.
ते बोलणं होतं हे मला तेव्हा कुठे माहीत.

सोमवारी मेस्त्रीने दहा मिनिटांत पंप चालू केला.
आठवडाभर ते त्याला नावं ठेवत होते.
मग एकेकाने, सहज विचारावं तसं, विचारलं :
आणखी काही बिघडलंय का गं?

म्हणून आता बुधवारी रात्री, सगळे झोपल्यावर,
मी काहीतरी बिघडवते.
रेडिओची एक तार. शिवणयंत्राचा पट्टा.
पंख्याच्या बटणाचा स्क्रू काढून पदराला बांधते.
फळ्यावर गुरुवार कोरा,
फॉर्मवर अकरा.
कचेरी विचारते, उपक्रमाचं नाव काय?
अजून कळवलेलं नाही.

काल फाटकाची बिजागरी सोडवत होते
स्वयंपाकघरातल्या सुरीने.
मागे चप्पल वाजली.
इनासला झोप नसते, हे मी विसरलेच.
त्याने सुरी पाहिली, बिजागरी पाहिली, मला पाहिलं.
आत गेला. बराच वेळ गेला.
मी मनात राजीनामाही लिहून पाहिला.

परत आला तो स्क्रूड्रायव्हर घेऊन,
मूठ झिजलेली, टोक मात्र लखलखीत.
सुरीने आटे जातात, म्हणाला,
आणि त्यांना सांगू नकोस.
मग माझ्या हातातली बॅटरी काढून घेतली
आणि धरली,
नेमकी हवी तिथे.